प्रवासात असताना वीज गेली तर रीफ टँक कशी वाचवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी असताना वीज गेली तर काही ना काही करता येतं. अगदीच साधन नसलं तर मगानं पाणी वरून ओतत बसता येतं. घराला कुलूप लावून बाहेर पडलं की ती सोय संपते आणि आधी करून ठेवलेली तयारीच काय ती कामाला येते. प्रवाळांची टाकी सांभाळणाऱ्यांकडून या तयारीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाणी हलत राहिलं पाहिजे, आणि ते कुणी बटण न दाबता हलत राहिलं पाहिजे.

वीज गेल्यावर टाकीत सगळ्यात आधी काय बिघडतं?

ऑक्सिजन कमी पडतो. तापमान, उजेड, गाळण यांचा नंबर त्यानंतर लागतो.

खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये तो साधारण ८.२ मिलिग्रॅम विरघळतो, रीफ टँकच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेलं तर हा आकडा ६.२ पर्यंत उतरतो. म्हणजे साठा थोडा आणि त्यावर जगणारे भरपूर: मासे, प्रवाळ, गोगलगायी, खेकडे, वाळूतले किडे, लाइव्ह रॉकवरचे (टाकीतल्या सच्छिद्र दगडांवरचे) जिवाणू. नवा ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो प्रामुख्यानं पृष्ठभागावरून. पंप चालू असतो तेव्हा तळाचं पाणी सारखं वर येऊन हवेला भिडतं. पंप थांबला की वरचा पातळ थर तेवढा हवेच्या संपर्कात राहतो आणि खालचा साठा आटत जातो.

प्रवाळांची अडचण आणखी निराळी. त्यांना जागचं हलता येत नाही. वाहत्या पाण्यात त्यांच्या अंगालगतचा स्थिर थर फार पातळ असतो. पाणी थांबलं की तो जाड होतो आणि ऑक्सिजन त्यातून सावकाश झिरपतो. त्यामुळे टाकीच्या मोकळ्या पाण्यात ऑक्सिजन बरा असतानाही दाट फांद्यांच्या आत तो संपलेला असू शकतो. समुद्रात प्रवाळांच्या फांद्यांत झोपणारे काही डॅमसेल मासे रात्रभर पर हलवत राहतात, आणि त्यामुळे फांद्यांमधलं पाणी खेळतं राहतं. टाकीत हे काम आपण पंपावर सोपवलेलं आहे, म्हणून त्या पंपाची काळजी सगळ्यात आधी.

हातात वेळ किती असतो?

एक आकडा सांगणं अवघड आहे. मासे किती, पाणी किती, किती गरम आणि वीज दिवसा गेली की रात्री, यावर सगळं ठरतं. मासे कमी आणि टाकी उथळ, रुंद असेल तर अर्धा दिवसही निभावतो. मासे दाटीवाटीनं असतील आणि टाकी उंच, अरुंद असेल तर दोन-तीन तासांतच मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

रात्र जास्त धोक्याची असते. दिवसा प्रवाळांमधली आणि दगडांवरची शेवाळं प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतात. रात्री ते थांबतं आणि तीच शेवाळं ऑक्सिजन वापरू लागतात. टाकीतला ऑक्सिजन पहाटे, दिवे लागण्याआधी, सगळ्यात कमी असतो. नियोजन करताना ‘वीज मध्यरात्री गेली आणि कुणाला दुपारपर्यंत कळलं नाही’ असंच गृहीत धरा. या कसोटीला उतरलेली व्यवस्था इतर वेळीही पुरते.

कोणते जीव आधी संकटात येतात?

मोठे आणि सतत पोहणारे मासे. टँग आणि अँथियास यांना ऑक्सिजन जास्त लागतो, त्यामुळे त्रास आधी त्यांना होतो. क्लाउनफिश आणि लहान गोबी जास्त तग धरतात. प्रवाळांमध्ये अ‍ॅक्रोपोरासारखे कठीण, बारीक फांद्यांचे प्रवाळ नाजूक. मांसल मोठ्या पॉलिपचे प्रवाळ त्यांच्यापेक्षा सोशिक, आणि मऊ प्रवाळ व मश्रूम सर्वांत चिवट. पण एखादा मोठा मासा किंवा अ‍ॅनिमोन मेला आणि तसाच पडून राहिला, तर त्याच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजन जातो आणि चिवट जीवही सापडतात. मासे आधीच दाटीनं भरलेल्या टाकीला कुठलीही बॅटरी पूर्ण सांभाळू शकत नाही. वारंवार प्रवास करणाऱ्यानं मासे मोजकेच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवे बंद राहिले तर प्रवाळ मरत नाहीत का?

दोन-तीन दिवसांत नाही. काही उपद्रवी शेवाळं घालवण्यासाठी लोक मुद्दाम तीन दिवस टाकी अंधारात ठेवतात आणि प्रवाळ त्यातून सुखरूप बाहेर येतात. दिव्यांना बॅकअपवर जागा देऊ नका.

मग बॅकअपवर नक्की काय ठेवायचं?

एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीच्या आतच पाणी फिरवणारा पंप. त्याचं तोंड किंचित वरच्या बाजूला, पृष्ठभागावर लाटा फुटतील असं ठेवा. पाणी टाकीच्या लांबीभर फिरलं आणि वरचा पृष्ठभाग सतत मोडत राहिला की गरज भागली. बॅटरी उरत असेल तर दुसरा वेव्हमेकर समोरच्या बाजूला, अर्ध्या वेगावर.

रिटर्न पंप बॅकअपवर घ्यावा असं अनेकांना वाटतं, कारण तो टाकीचा मुख्य पंप, खालच्या जोडटाकीतलं (सम्पमधलं) पाणी वर पाठवणारा. पण तो पाणी उंच चढवतो, त्यात वीज खूप जाते आणि टाकीच्या आत त्या मानानं पाणी फारसं फिरत नाही. स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), दिवे, हीटर, चिलर (पाणी गार करणारं यंत्र), यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) यांतलं काहीही बॅटरीवर नको. लाइव्ह रॉक टाकीतच असतो. पाणी फिरत राहिलं तर त्यावरचे जिवाणू गाळणीचं काम करत राहतात.

बॅटरी किती मोठी लागेल?

हा हिशेब प्रत्येकानं स्वतः कागदावर मांडावा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली साधारण निम्मीच वीज वापरावी, त्याहून खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली ८० टक्के निर्धास्त वापरता येते.

समजा वेव्हमेकर १५ वॉटचा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १,२०० वॉट-तास, त्यातले वापरायचे ६००. थेट डीसीवर पंप चालवला तर ६०० भागिले १५, म्हणजे ४० तास. तोच पंप इन्व्हर्टरमधून चालवला तर रूपांतरात साधारण पाचवा हिस्सा जातो आणि ३२ तास उरतात.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठीही वीज खातो. त्याची स्वतःची भूक १५ वॉटची असेल तर पंपाइतकीच वीज इन्व्हर्टरला जाते आणि ३२ तासांचे साधारण १८ होतात. मोठ्या भाराला हा खर्च जाणवत नाही, एका लहानशा पंपाला तो जवळजवळ निम्म्यावर आणतो. म्हणून रीफ टँकसाठी शक्य असेल तिथे डीसी पंप आणि थेट डीसी बॅटरी ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. काही वेव्हमेकरच्या कंट्रोलरला बॅटरीसाठी वेगळी खाच असते. वीज जाताच तो आपोआप बॅटरीवर जातो आणि वेगही कमी करतो. अशी सोय नसेल तर वीज जाताच भार बदलणारं लहान मॉड्यूल मिळतं. पंपावर लिहिलेला व्होल्टेज बॅटरीशी जुळतो का, धन-ऋण टोकं बरोबर आहेत का, हे जोडण्याआधी तपासा आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज टाकाच.

संगणकाचा यूपीएस चालेल का?

थोड्या वेळासाठी. लहान यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. निम्मे धरा, तोटा वजा करा, ३३ च्या आसपास उरतात. १५ वॉटच्या पंपाला दोन तास जेमतेम. संगणक बंद करायला मिळावा एवढ्यासाठी तो बनवलेला असतो, रात्र काढायला नाही. शिवाय स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत. एसी पंप त्यावर गुणगुणतात, तापतात आणि कधी कधी सुरूच होत नाहीत.

घरचा इन्व्हर्टर किंवा पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) असेल तर?

दोन्ही चांगले, पण दोन्हींची परीक्षा घ्यायला हवी. घरच्या इन्व्हर्टरवर टाकीखेरीज आणखी काय काय जोडलेलं आहे ते पाहा. निघताना पंखा किंवा दिवा चालू राहिला तर तुमच्या पंपाची वीज तो घेऊन जाईल. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर निघण्याआधी तपासून पातळीपर्यंत भरा. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात ठेवू नका. टाकीखालच्या कपाटात तर नकोच, तिथे खारं पाणी आणि मिठाची पुटं दोन्ही असतात.

पॉवर स्टेशनमध्ये दोन खोड्या सापडतात. एक, ‘इको’ मोड: भार फार कमी आहे असं दिसलं की काही तासांनी ते आपोआप बंद होतं, आणि वेव्हमेकरचा भार नेमका तेवढाच असतो. हा मोड बंद करा. दुसरी, बॅटरी पूर्ण संपल्यावर वीज परत आली तरी काही यंत्रांचं आउटपुट आपसूक सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. काही यूपीएसही असेच वागतात. म्हणजे वीज आलेली आहे आणि टाकी मात्र बंदच. यावर उपाय साधा: एक वेव्हमेकर बॅकअपवर आणि दुसरा थेट भिंतीच्या प्लगवर. कुठलंही एक यंत्र अडलं तरी दुसरा पंप चालतो.

बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरेसा आहे का?

दुसरी फळी म्हणून उत्तम, आणि निदान एवढं तरी प्रत्येकाकडे असावं. वीज जाताच आपोआप सुरू होणारे एअर पंप मिळतात. सेलवर चालणारे, यूएसबीनं चार्ज होणारे, दोन्ही. एअर स्टोन टाकीच्या मध्यापर्यंत खोल सोडा. बुडबुडे वर जाताना पाणी सोबत ओढतात, आणि खरा फायदा त्या हालचालीनं मोडणाऱ्या पृष्ठभागामुळे होतो.

एक धोका लक्षात घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर तो बंद असताना टाकीतलं पाणी नळीतून सायफन होऊन पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा किंवा पंप टाकीच्या काठापेक्षा उंच टांगा. मी दोन्ही करायला सांगेन. निघताना सेल नवे घाला.

घरात वीज असूनही टाकी बंद पडू शकते का?

हो, आणि याचा विचार कमी लोक करतात. टाकीच्या सर्किटचा आरसीसीबी (वीजगळती पकडणारा स्विच) किंवा एमसीबी (जादा भार तोडणारा स्विच) पडला की शेजाऱ्यांकडे, घरातही सगळीकडे वीज असते, फक्त टाकी मरत असते. तडा गेलेला हीटर, पाणी शिरलेला जुना पंप, प्लगवर जमलेलं मीठ, कशानंही हे होतं. म्हणून गळती पकडणारी ही संरक्षक यंत्रणा काढून टाकायची का? अजिबात नाही. ती माणसांचा जीव वाचवते. उपाय म्हणजे टाकीची उपकरणं दोन वेगळ्या, स्वतंत्र संरक्षण असलेल्या सर्किटवर वाटणं: एकावर रिटर्न पंप आणि एक हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर आणि दुसरा हीटर. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झुकणारा लूप द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न पोचता खाली ठिबकेल.

बॅकअपची चावी कुठल्या प्लगवरून फिरते हेही बघा. वीज आहे की नाही हे ओळखणारा अडॅप्टर टाकीच्याच सर्किटवर असला पाहिजे. दुसऱ्या सर्किटवर असेल तर त्याच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नाही आणि बॅटरी जागेवर भरलेली राहील.

पंप थांबल्यावर सम्प भरून वाहील का?

रिटर्न पंप थांबला की मुख्य टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या कप्प्याच्या) काठापर्यंत खाली येतं आणि रिटर्नच्या नळीतूनही उलटं सायफन होतं. १२० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद टाकीत पातळी २ सेंमी उतरली तर १२ लिटर पाणी सम्पमध्ये येतं. नळ्यांमधलं निराळं. एवढी रिकामी जागा सम्पमध्ये नेहमी असली पाहिजे. रिटर्नच्या तोंडाजवळचं सायफन तोडणारं छिद्र गुलाबी कोरलाइन शेवाळानं बुजतं, ते निघण्याआधी टोचून मोकळं करा. पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या नुसत्या चेक व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका. त्यात गोगलगायीचं एक लहानसं पिल्लू अडकलं तरी तो पूर्ण मिटत नाही.

वीज परत आल्यावर उलटा प्रश्न येतो. काठावर टांगलेल्या ओव्हरफ्लो बॉक्सचा सायफन तुटला असेल तर रिटर्न पंप पाणी वर चढवत राहतो, खाली काहीच येत नाही आणि मुख्य टाकी वाहू लागते. रिटर्नच्या कप्प्यात पाणी इतकंच ठेवा की ते सगळं वर गेलं तरी मुख्य टाकीत मावेल. स्किमरचंही असंच. सम्पची पातळी वाढलेली असताना तो सुरू झाला तर कप भरून वाहतो. कंट्रोलर असेल तर स्किमरला १० मिनिटांचा उशीर द्या.

वीज आली, पण पंपच सुरू झाला नाही. असं का होतं?

महिनोन्महिने न थांबता चाललेल्या पंपाच्या इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांवर) कॅल्शियमचे थर बसतात. तो फिरत असतो तोवर फिरतो. एकदा थांबला की पुन्हा फिरायला लागणारी ताकद त्याच्यात उरत नाही. वीज दहा सेकंद जाऊन आली, टाकी मात्र कायमची थांबली, अशा हानीमागे अनेकदा हेच असतं. निघण्याच्या एक-दोन आठवडे आधी सगळे पंप सिट्रिक अ‍ॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात स्वच्छ करा, गोड्या पाण्यानं धुवा आणि जागेवर लावल्यावर दहा वेळा प्लग काढून घालून पाहा. दहापैकी एकदा जरी पंप अडखळला तरी त्याचा इम्पेलर बदला.

हीटर बंद पडला तर टाकी किती लवकर गार होते? आणि उन्हाळ्यात?

२०० लिटर खारं पाणी १ अंशानं तापवायला साधारण २३० वॉट-तास लागतात. तुमचा हीटर सरासरी १०० वॉटनं चालत असेल, तर वीज गेल्यावर टाकी सव्वादोन तासांत १ अंश उतरेल. पुढे खोलीशी फरक कमी होत गेला की वेगही मंदावतो. याच हिशेबातून हीटर बॅटरीवर का ठेवायचा नाही हेही कळतं. पंपाला रात्रभर पुरणारी बॅटरी हीटरच्या हाती दिली तर दोन अंशांत संपेल. टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोलच्या पट्ट्या किंवा जाड पांघरूण लावता येईल असं तयार ठेवा, वरचा भाग मात्र उघडा, कारण हवा तिथूनच येते. २१-२२ अंशांपर्यंत सावकाश झालेली उतरण बहुतेक जीव सोसतात.

उष्णता जास्त घातक. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी आणि जिवांची गरज जास्त. चिलर बॅटरीवर चालणं व्यवहार्य नाही, पण पंखा चालतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती इतकी उष्णता घेऊन जाते की २०० लिटरची टाकी जवळजवळ ३ अंश थंड व्हावी. पृष्ठभागावर वारा सोडणारा ३-४ वॉटचा डीसी पंखा बॅटरीवर ठेवला तर तो आपली जागा कमावतो. फक्त बाष्पीभवनानं खारटपणा वाढतो, हे परतल्यावर मोजायचं लक्षात असू द्या.

एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावा आणि ते सम्पमधल्या अशा कप्प्यात ठेवा जिथे पातळी कधीच उतरत नाही. पाण्याबाहेर तापलेला हीटर फुटतो.

डोसिंग, ऑटो टॉप-ऑफ आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टर यांचं काय करायचं?

डोसिंग पंप ठरल्या वेळी थोडं थोडं द्रावण घालतो, ऑटो टॉप-ऑफ उडून गेलेल्या पाण्याची भर घालतो, आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टर कार्बन डायऑक्साइडच्या मदतीनं कॅल्शियम विरघळवून टाकीला देतो. यांतलं काहीच बॅकअपवर नको. पाणी थांबलेलं असताना डोसिंग पंपानं अल्कलिनिटीचं द्रावण सोडलं तर ते एकाच जागी साचतं, तिथला पीएच उडतो आणि पांढरा साका बसतो. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा सोलेनॉइड (गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) वीज नसताना मिटतो, ते योग्यच आहे. तो बॅटरीवर गेला आणि रिअ‍ॅक्टरचा पंप मात्र बंद राहिला, तर कार्बन डायऑक्साइड येत राहील. डोसिंग पंपाचं घड्याळ वीज गेल्यावर पुसलं जातं का, तेही आधी तपासा. काही पंप वीज आल्यावर वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करतात आणि दिवसाचा डोस दोनदा जातो.

टॉप-ऑफच्या पाण्यात कॅल्कवॉसर (चुन्याची निवळी) मिसळत असाल तर प्रवासाच्या काळापुरतं साधं आरओ पाणी भरा. टॉप-ऑफचा पिंपही इतकाच भरा की सेन्सर अडकून सगळं पाणी टाकीत गेलं तरी खारटपणा धोक्याइतका उतरणार नाही. २०० लिटरच्या प्रणालीला १० लिटर म्हणजे खारटपणा हजारी ३५ वरून साधारण ३३ पर्यंत. एवढं सोसतं.

फोनवर सूचना कशी मिळेल?

बहुतेक स्मार्ट प्लग आणि कॅमेरे वायफायवर चालतात, आणि वीज गेली की राउटरही जातो. सूचना पाठवणाराच गप्प होतो. राउटरला स्वतःचा लहान डीसी बॅकअप द्या, तो फार कमी वीज घेतो. किंवा सिमकार्डवर चालणारा, स्वतःची बॅटरी असलेला तापमान-अलार्म ठेवा. उपकरण ऑफलाइन गेल्यावर सूचना देण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती चालू करा. राउटर खरोखर बंद करून फोन वाजतो का, ते पाहा.

स्मार्ट प्लगबाबत एक सेटिंग अतिशय महत्त्वाचं आहे: वीज परत आल्यावर प्लगनं काय करायचं. काही प्लग मुळात ‘बंद’ राहायला सांगितलेले असतात. पंपांसाठी ते ‘चालू’ हवं.

आणि सूचना मिळाल्यावर घरी जाईल असं कुणीतरी असल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही.

घरी येणाऱ्या माणसाला काय सांगून ठेवायचं?

जवळ राहणारा, किल्ली असलेला, फोन उचलणारा माणूस ही सगळ्यात मोलाची तयारी. त्याला मत्स्यपालन येत नसलं तरी चालेल. रीफ टँक ठेवणारा दुसरा कुणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर याच्याकडे द्या आणि अडीनडीला एकमेकांच्या टाक्या बघायचं आधीच ठरवून घ्या.

सूचना तोंडी नकोत. एक कागद टाकीला चिकटवा. प्लगांवर मोठे अंक लिहा आणि कागदावर त्याच अंकांनी सांगा: ‘वीज गेली असेल तर ३ नंबरचा पंप फिरतोय का पाहा. फिरत नसेल तर खिडकीजवळचा बॅटरीचा एअर पंप चालू करा. तोही चालत नसेल तर स्वच्छ मगानं टाकीतलंच पाणी घेऊन एक फूट उंचावरून परत टाकीत ओता. पाच मिनिटं ओता, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा ओता. मला फोन करा.’ साबणाचा हात पाण्यात घालू नये, वीज नसताना खाद्य टाकू नये आणि मेलेला मासा दिसला तर जाळीनं काढावा, हेही लिहा. टाकी नीट चालू असतानाचा फोटो कागदावर लावा, म्हणजे ‘नेहमीसारखं’ म्हणजे कसं हे त्याला ताडून पाहता येईल. निघण्याआधी एकदा त्याच्या हातून हे सगळं करून घ्या, तुम्ही बाजूला उभे राहून.

जनरेटर ठेवावा का?

लांबच्या वीजबंदीला उपयोगी, पण तो चालवायला माणूस लागतो. घरात, गॅलरीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसं मारतो. ज्याला सवय नाही अशा माणसावर हे काम सोपवू नका.

निघण्याआधीच्या दिवसांत काय करावं, काय टाळावं?

दोन-तीन आठवडे आधीपासून नवा मासा, नवा प्रवाळ, नवं उपकरण नाही. नव्या गोष्टींचे दोष पहिल्या काही दिवसांतच बाहेर येतात आणि तेव्हा तुम्ही घरी असायला हवं. पाणी बदलायचं असेल तर चार-पाच दिवस आधी बदला. सॉल्ट मिक्स केलेलं खारं पाणी, टाकीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकं, झाकून तयार ठेवा. परतल्यावर किंवा त्या माणसाला गरज पडली तर ते लगेच वापरता येतं.

खाद्य कमी करा. निरोगी, मोठे मासे काही दिवस उपाशी सहज राहतात. अँथियाससारख्या दिवसातून अनेकदा खाणाऱ्यांसाठी ऑटो फीडर लावा, पण भाग लहान ठेवा. भरल्या पोटी मासा ऑक्सिजन जास्त वापरतो आणि न खाल्लेलं खाद्य कुजताना आणखी वापरतं.

आणि सराव. सुट्टीच्या दिवशी सकाळी मेन स्विच बंद करा आणि चार तास टाकीसमोर बसा. बॅकअप आपोआप सुरू झाला का, सम्प कुठपर्यंत भरला, बॅटरी किती उतरली, सगळं लिहून ठेवा. मग स्विच चालू करा आणि काय काय सुरू झालं नाही ते पाहा. या एका सकाळी जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही. बॅटरी जुनी असेल तर पूर्ण संपेपर्यंत चालवून तिचे खरे तास मोजा, छापलेल्या आकड्यापेक्षा ते कमीच निघतात.

परत आलो आणि वीज बराच वेळ गेली होती असं कळलं. आधी काय करू?

पंप फिरताहेत का ते पाहा, मग मेलेले जीव काढा. दगडांमागे, वाळूवर, ओव्हरफ्लोच्या कप्प्यात शोधा. गोगलगाय मेली आहे की नाही ते वासावरून लगेच कळतं.

कॅनिस्टर फिल्टर असेल तर तो तसाच सुरू करू नका. बंद डब्यात ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. फिल्टर सुरू झाला की ते सगळं एका दमात टाकीत येतं. त्यातलं पाणी फेका, आतला माल टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवा आणि मगच जोडा. थांबलेल्या रिअ‍ॅक्टरलाही हेच लागू.

अमोनिया मोजा, मासे ठीक दिसत असले तरी. पाणी थांबलेलं असताना कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि कमी पीएचला अमोनियाचा बराच भाग कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. पंप सुरू झाले, कार्बन डायऑक्साइड उडाला, पीएच चढला की तोच अमोनिया पुन्हा विषारी रूपात येतो. वीज आल्यानंतर काही तासांनी मासे मरतात ते कधी कधी यामुळेच. अमोनिया दिसला तर तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्यानं पाचवा ते चौथा हिस्सा बदला, तापमान जुळवून. ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा.

तापमान एकदम मूळ जागी आणू नका, तासाला एक अंशाच्या आत ठेवा. टाकी दोन दिवसांपेक्षा जास्त अंधारात असेल तर पहिले काही दिवस दिवे निम्म्या तीव्रतेवर. खाद्य दुसऱ्या दिवशी, थोडंसं. मिटलेले प्रवाळ हलवू नका, घासू नका. कडेनं मांस सुटत चाललेल्या अ‍ॅक्रोपोराची निरोगी फांदी मात्र तोडून वेगळी लावा, तीच कदाचित उरेल.

हे सगळं करताना बॅटरी चार्जिंगला लागली आहे ना, ते पाहायला विसरू नका. वीज एकदा येऊन पुन्हा जाणं नेहमीचंच असतं, आणि त्या दुसऱ्या वेळी बॅटरी रिकामी असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सहज लागतात. तोवर एअर पंपात नवे सेल घालून तो टाकीशेजारी ठेवा.